दत्ताजीराव खराडे यांची नेमणूक

प्रा. मधुसूदन रेगे विद्यापीठात स्पॅनिश शिकवत आणि सुट्टीत हिमालय चढत. त्यांची नेमणूक समुद्रसपाटीवरच्या, इंग्रजी बोलणाऱ्या एका बेटावर राजदूत म्हणून झाली. माझे भावोजी दत्ताजीराव खराडे यांना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता आणि पर्वतीच्या पायऱ्या चढताना त्यांना जागोजागी बसावे लागे. त्यांची नेमणूक साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या एका राजधानीत झाली. दोन्ही नावे एकाच पक्षाने, एकाच दिवशी सुचवली होती.

देशांची नावे मी देत नाही. एकाला बेट म्हणते, दुसऱ्याला उंच देश.

मी सांगलीला माईच्या घरी पोचले तेव्हा अंगणात चपलांचा ढीग होता. माई माझी थोरली बहीण. तिने फोनवर फक्त एवढेच म्हटले होते, "कुमे, तुझं ते बोटाला लावायचं यंत्र घेऊन ये." भावोजी सोफ्यावर हारांच्या मागे बसले होते. येणारा प्रत्येक जण वाकून पाया पडत होता आणि प्रत्येकाला "असू दे, असू दे" म्हणताना दोन शब्दांच्या मध्ये त्यांना श्वास घ्यावा लागत होता. गर्दीला तो नम्रपणा वाटत होता.

"तिकडं बी एक कारखाना काढा, साहेब," कुणीतरी म्हणाले.

"तिकडं ऊस नाही रे. बर्फ आहे."

"मग बर्फाचा काढा!"

सगळे हसले. भावोजीही हसले आणि त्या हसण्याचा शेवट खोकल्यात झाला. मला दारात पाहून त्यांनी हात वर केला. "या डॉक्टरीणबाई! मंडळी, उठा आता. मेहुणी आली. आमची झडती आहे."

मी उंचीवरच्या श्वसनाचा अभ्यास करणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत काम करत असे. विरळ हवेत माणसाचे काय होते हे मोजणे हाच माझा व्यवसाय होता. भावोजींची छाती मला पूर्वीपासून ठाऊक होती. साखर कारखान्याच्या आवारात, बुरशी आलेल्या उसाच्या चोथ्याच्या ढिगांशेजारी त्यांनी तरुणपणीची वर्षे काढली होती. पुढे ते त्याच कारखान्याचे अध्यक्ष झाले, पण ती धूळ फुप्फुसांत आपले काम करून गेली होती. फुप्फुसे ताठ झाली होती आणि त्यांतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकत चालली होती.

आतल्या खोलीत मी रक्तातला प्राणवायू मोजणारे ते यंत्र त्यांच्या बोटाला लावले. माई दाराशी उभी राहिली.

"नव्वद," मी म्हणाले. "सांगलीत, खुर्चीत बसून नव्वद. माझं सत्त्याण्णव आहे."

"म्हणजे दहातला एक गडी रजेवर."

"इथे एक. तिथे चार जातील. आणि उरलेल्यांवर काम तेवढंच."

"आमच्या कारखान्यात तसंच चालायचं," ते म्हणाले.

"भावोजी, थट्टा नको. हा देश तुम्हाला कुणी दिला?"

"तात्यासाहेबांनी. दुसरं कोण देणार?"

"मग त्यांना सांगा. रेगे तिकडे जातील, तुम्ही बेटावर जा. रेग्यांना ती भाषा येते, डोंगर आवडतात. दोघांचंही भलं होईल. एक फोन पुरेल."

त्यांनी बोटाचे यंत्र काढून माझ्या हातात ठेवले. दार लोटलेले आहे ना ते पाहिले. मग जो आवाज त्यांनी माझ्याशी कधी वापरला नव्हता त्या आवाजात म्हणाले, "कुमुद, हा विषय इथंच बंद. ह्या घरात नाही, रेग्यांकडे नाही, पक्षात तर नाहीच नाही."

"का?"

"चहा घे. गार होतोय."

इथे थोडे मागचे सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी तात्यासाहेबांचा पक्ष फुटला होता. निम्म्याहून अधिक आमदार एका आठवड्यात निघून गेले. जाणाऱ्यांनी एकच कारण दिले: म्हातारबाबांना आता काही कळत नाही, माणसांची नावे विसरतात, कालचे आज आठवत नाही. सांगली जिल्ह्यातून एकटे दत्ताजीराव थांबले. त्यांच्या घरावर दगड पडले, कारखान्याचे अध्यक्षपद गेले, पण ते थांबले. पुढे दिल्लीत आघाडीचे सरकार आले आणि पाठिंब्याच्या बदल्यात तात्यासाहेबांच्या वाट्याला दोन मंत्रिपदे, एक महामंडळ आणि दोन राजदूतपदे आली. एक राजदूतपद रेग्यांना मिळाले, कारण तात्यासाहेबांची इंग्रजी भाषणे ते लिहीत. दुसरे दत्ताजीरावांना, कारण ते थांबले होते. ही निवड योग्य आहे याबद्दल पक्षात दुमत नव्हते. पात्रता म्हणजे काय याची तिथली व्याख्या सुस्पष्ट होती.

निघताना माई फाटकापर्यंत आली. "माझं ते ऐकत नाहीत. तू तात्यासाहेबांना भेट. जाहीर झाल्यापासून हे नीट झोपले नाहीत, कुमे. बसून असतात. पण विचारलं की म्हणतात, आनंदानं झोप येत नाही."

सर्वांत सोपा खुलासा आधी तपासावा या नियमाप्रमाणे मी टंकलेखनाची चूक गृहीत धरली. दिल्लीत परराष्ट्र खात्यात माझी एक वर्गमैत्रीण होती. तिने चौकशी करून कळवले की खात्यालाही आश्चर्य वाटले होते. म्हणून त्यांनी पक्ष कार्यालयात फोन करून नावे उलटसुलट तर झाली नाहीत ना, असे स्पष्ट विचारले. उत्तर आले: नाही, जशी दिली तशीच. त्यांनी पुन्हा विचारले. उत्तर तेच आले. तेव्हा तो खुलासा बाद झाला.

मुंबईच्या पक्ष कार्यालयात मला तात्यासाहेबांचे स्वीय सहायक नलावडे भेटले. सफारी घातलेला, सडपातळ, दोन टेलिफोनांच्या मधोमध बसणारा माणूस.

"बसा, ताई. चहा सांगतो."

"चहा नको. दत्ताजीरावांच्या नेमणुकीत चूक झाली आहे."

ते उठले, दार बंद करून आले आणि पुन्हा बसले. "तो शब्द इथं नको, ताई."

"कोणता?"

"तोच."

"बरं. विसंगती म्हणते."

"हा तर त्याहून वाईट आहे."

"मग तुम्हीच एखादा सुचवा."

"शब्दच नको ना," ते अगदी मनापासून म्हणाले. "तात्यासाहेबांनी दिलंय. भर सभेत दिलंय. आता त्यात काय बोलायचं?"

"दत्ताजीराव तिथे जगणार नाहीत. हे मत नाही, मोजमाप आहे. मला पाच मिनिटं तात्यासाहेबांना भेटू द्या."

"ताई, सकाळी दत्ताजीरावांचाच फोन येऊन गेला. म्हणाले, आमची मेहुणी येईल. चहा पाजा आणि परत पाठवा." त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "त्यांनीच सांगितल्यावर मी कसा सोडू तुम्हाला आत?"

मी माझा वैद्यकीय अभिप्राय त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, खणात ठेवला, खणाला किल्ली लावली.

"पोचवतो," ते म्हणाले. त्या खणातून तो कुठेही पोचणार नाही हे आम्हा दोघांनाही समजले होते. चहा मात्र आला आणि मी तो प्यायले.

रेग्यांना मी फोन केला. तो सभ्य माणूस होता. विषय काढताच त्यांचा आवाज उतरला.

"कुमुदताई, मी या क्षणी पिशवी उचलून तिकडे जायला तयार आहे. बेटावर मी काय करणार? तिथे टेकडीसुद्धा नाही."

"मग तसं तात्यासाहेबांना सांगा."

"मी मागू शकत नाही."

"का?"

"ते दत्ताजीरावांना विचारा."

"ते सांगत नाहीत."

"मग मी कसं सांगू?" ते म्हणाले. फोन कुणी आधी ठेवला ते आता आठवत नाही.

दुसरा खुलासा मला माझ्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याने सुचवला. दत्ताजीरावांच्या मतदारसंघावर तात्यासाहेबांच्या जावयाचा डोळा होता. म्हाताऱ्याने काटा काढला, असे तो म्हणाला. ऐकायला हा खुलासा आकर्षक होता, पण तर्कापुढे टिकत नव्हता. मतदारसंघ मोकळा करायला दत्ताजीरावांना बेटावर पाठवले तरी पुरत होते. त्यासाठी उंचीची गरज नव्हती.

शेवटी माझ्याकडे एकच मार्ग उरला, तो म्हणजे ज्याला मरायचे आहे त्याला मरण दाखवणे. आमच्या प्रयोगशाळेत एक अल्पदाब कक्ष होता. पोलादी भिंतींची, जाड काचेची खिडकी असलेली ती लहानशी खोली. तिच्यातली हवा पंपाने ओढून घेतली की आत बसलेला माणूस हळूहळू डोंगर चढू लागतो, खुर्चीवरून न उठता. भावोजी एका अटीवर आले: यानंतर मी हा विषय काढायचा नाही. मी कबूल केले.

मी प्राणवायूचा मुखवटा लावून त्यांच्यासमोर बसले. त्यांच्या हातात पाटी-पेन्सिल दिली. शंभरातून सात वजा करत जायचे आणि प्रत्येक उत्तर लिहायचे, ही आमची साधी चाचणी.

"शाळेत घातलंस की परत," ते म्हणाले. "मास्तरीण चांगली आहे, हे एक बरं."

पंप सुरू झाला. महाबळेश्वरच्या उंचीपर्यंत त्यांनी बरोबर लिहिले. त्यानंतर ओठांचा रंग बदलला. मसुरीच्या उंचीला यंत्रावरचा आकडा सत्तरच्या घरात उतरला होता आणि त्यांचा चेहरा मात्र उजळला होता.

"छान वाटतंय, कुमुद. हलकं वाटतंय. उगाच भीती घालतेस लोकांना."

"लिहीत राहा."

"लिहितोय की."

मी खिडकीकडे हात केला आणि सहकाऱ्याने हवा परत सोडायला सुरुवात केली. त्याहून वर नेण्याची माझी तयारी नव्हती. अडीच हजार मीटरच्या जवळसुद्धा आम्ही पोचलो नव्हतो. खाली आल्यावर, ओठांना रंग आल्यावर, मी पाटी त्यांच्यापुढे धरली. पहिल्या चार उत्तरांनंतर तिथे अंक नव्हते. एकच रेघ होती, पुन्हा पुन्हा गिरवलेली, पाटीच्या लाकडी चौकटीवर गेलेली.

त्यांनी ती बराच वेळ पाहिली. "हे मी लिहिलं?"

"हो. आणि तेव्हा तुम्हाला छान वाटत होतं. सगळ्यांनाच वाटतं. राजधानी याच्याही पुष्कळ वर आहे, आणि तिथे खिडकीपलीकडून हवा परत सोडणारा कुणी नसेल."

त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पाटी पुसली. संपूर्ण, कोपऱ्यांसकट. मग म्हणाले, "सिलिंडर नेता येईल ना बरोबर?"

"नेता येईल. त्याने दिवस वाढतील. भावोजी, मी वचन दिलंय म्हणून पुन्हा विचारणार नाही. हे शेवटचं. तुम्ही का जाताय?"

"तुला कसं सांगू..." ते खरोखरच विचार करत होते. "तुमच्यात आधी बेरीज करतात, मग उत्तर येतं. आमच्यात आधी उत्तर येतं. मग त्याला जुळेल अशी बेरीज आपण करायची. आयुष्यभर केली. आता एवढ्यासाठी मोडू?"

"एवढं म्हणजे तुमचा जीव आहे."

"हां. तो आहेच की."

सरकारी वैद्यकीय तपासणीत ते पूर्णपणे तंदुरुस्त ठरले. तपासणाऱ्या डॉक्टरांशी मी बोलले. त्यांनी मला अतिशय आदराने सांगितले की रुग्णाने कोणतीही तक्रार सांगितली नाही आणि वरून कोणतीही शंका आली नाही.

माई त्यांच्याबरोबर गेली. नको म्हणण्याचा प्रश्नच तिच्यापुढे नव्हता. पहिले काही आठवडे फोनवर ती हवामानाबद्दल बोलायची. भावोजी दिवसाचा बहुतेक वेळ नाकात नळी घालून झोपून असत. दूतावासाचे काम त्यांचे सहायक पाहत. पण राजदूताने त्या देशाच्या अध्यक्षांना आपले अधिकारपत्र स्वतःच्या हाताने द्यावे लागते. ते दिल्याशिवाय तो राजदूत होत नाही. राजवाड्यासमोर मोठा फरसबंदी चौक होता. बँड वाजत असताना राजदूताने तो चौक चालत ओलांडायचा, पायऱ्या चढायच्या, वर उभे राहून सलामी घ्यायची, अशी तिथली रीत.

"गाडी थेट दारापर्यंत आणतो म्हणाले तिकडचे लोक," माईने मला नंतर सांगितले. "खुर्चीसुद्धा देत होते. फार चांगली माणसं, कुमे. हे नाही म्हणाले."

"सिलिंडर?"

"तो गाडीतच ठेवला. फोटो निघणार होते ना. फोटो इकडं पेपरात छापून येणार, तात्यासाहेब बघणार. नळी लावलेला राजदूत दिसला तर लोक विचारतील, असा माणूस तिथं कुणी पाठवला?"

ते चौक चालले. पायऱ्याही चढले. फोटोत ते ताठ उभे आहेत, फेटा नीट आहे आणि चेहऱ्यावर मला ओळखीचा असलेला तो उजळपणा आहे. गाडीत परत बसल्यावर त्यांनी माईला विचारले की आपण कुठे आहोत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरले. त्यांना विमानाने खाली, समुद्रकाठच्या शहरात न्यायचे ठरले, पण त्या दिवशी विमान उडाले नाही. मृत्यूचे कारण डॉक्टरांनी बरोबर लिहिले होते: उजव्या हृदयाचे निकामी होणे. वैद्यकीय दृष्टीने त्या कारणाला माझी हरकत नव्हती.

देह सांगलीला आणला तेव्हा तात्यासाहेब आले. सत्तरी ओलांडलेला, काठी न घेता चालण्याचा हट्ट धरणारा, थकलेला माणूस. त्यांनी माईसमोर हात जोडले. बाहेर कार्यकर्ते घोषणा देत होते. मग ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही डॉक्टर ना? त्याला दम्याचा त्रास होता?"

"दमा नव्हता. फुप्फुसं ताठ झाली होती. कारखान्यातल्या धुळीने. उंचीवर जाणं त्यांच्यासाठी घातक होतं."

"मला कुणी बोललं नाही," तात्यासाहेब म्हणाले.

मी नलावड्यांकडे पाहिले. ते त्यांच्या मागेच उभे होते, डोक्यावरून रुमाल घेतलेले, आणि जमिनीकडे पाहत होते.

"मी अभिप्राय दिला होता," मी म्हणाले.

"मला कुणी बोललं नाही," ते पुन्हा म्हणाले, आणि माझे वाक्य त्यांच्या कानांपर्यंत पोचले की नाही ते मला कळले नाही. "एक शब्द टाकला असता त्यानं. मी मुद्दाम त्याला मोठा देश दिला हो. बेटावर काय ठेवलंय? रेग्याला बेट पुष्कळ झालं. जो थांबला त्याला मोठा देश द्यायचा, असं ठरवूनच दिला मी." त्यांचे डोळे भरून आले. ते अश्रू खरे होते. मी जवळून पाहत होते.

हा खुलासा सर्व निरीक्षणांशी जुळत होता. मोठा मान, मोठा देश. मान परत करता येत नाही म्हणून दत्ताजीराव गप्प, आणि दुसऱ्याचा मान मागता येत नाही म्हणून रेगे गप्प. मला तो पटला. त्यात क्रौर्य नव्हते, केवळ अज्ञान होते, आणि अज्ञान हे माझ्या अनुभवात सर्वाधिक आढळणारे कारण आहे. तात्यासाहेबांनी पोटनिवडणुकीत माईला उभे राहायला सांगितले. तिने नकार दिला. ती जागा जावयाला मिळाली. पुढची अनेक वर्षे मी या प्रकरणाचा विचार केला नाही.

तात्यासाहेब गेले त्यानंतरच्या आठवड्यात रेगे माझ्या पुण्याच्या घरी आले. केस पूर्ण पांढरे झाले होते, पण अजूनही जिना न थांबता चढून आले. बसल्यावर त्यांनी पाणी मागितले आणि ग्लास हातात धरून ठेवला.

"मी शब्द दिला होता," ते म्हणाले. "तात्यासाहेब असेपर्यंत बोलायचं नाही असा. आता ते नाहीत. नलावडेही गेल्या वर्षी गेले. आता मी एकटाच उरलोय ज्याला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"उंच देश माझा होता, कुमुदताई."

मी माझी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.

"दिल्लीहून दोन देश आले तेव्हा तात्यासाहेबांनी ते पाहिलेसुद्धा नाहीत. म्हणाले, तुम्हीच वाटून घ्या. मी आणि नलावड्यांनी वाटले. भाषा मला येते म्हणून उंच देश मला. दत्ताजीरावांच्या छातीमुळे बेट त्यांना. त्यांनाही ते माहीत होतं. खूष होते. मला म्हणाले, समुद्रावरची हवा चांगली असते म्हणे."

"मग?"

"मग तात्यासाहेबांच्या वाढदिवसाची सभा. सांगलीलाच. तिथेच आमची नावं जाहीर व्हायची होती. आपल्याकडे असतं तसं, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. लाकडी पाटी, तीवर पितळेत त्या त्या देशाचा नकाशा आणि खाली 'राजदूत' असं कोरलेलं. व्यक्तीचं नाव नव्हतं. घाईत तेवढं राहिलं होतं. आधी माझा सत्कार, मग दत्ताजीरावांचा. त्या क्रमानं पाट्या टेबलावर मांडल्या होत्या, वर कापड."

ते पाणी प्यायले.

"निवेदक माझं नाव घेणार तेवढ्यात तात्यासाहेबांनी माईक हातात घेतला. म्हणाले, आधी दत्ताजी. सगळे गेले तेव्हा तो थांबला होता, आज तो पहिला. मैदानावर एवढ्या टाळ्या मी कधी ऐकल्या नाहीत. दत्ताजीराव उठले, तात्यासाहेबांनी त्यांना मिठी मारली, टेबलावरची पहिली पाटी उचलली, तिच्यावरचं वाचलं आणि देशाचं नाव घेऊन जाहीर केलं. दत्ताजीराव आता तिथले राजदूत."

"पाट्यांचा क्रम कुणी बदलला नाही."

"वेळच नव्हता. नलावडे माझ्या शेजारी उभे होते, त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी माईककडे पाऊल टाकलं. दत्ताजीरावांनी पाटी एका हातात धरली होती; दुसऱ्या हातानं माझं मनगट पकडलं. हसत हसत. फोटोत आम्ही हातात हात घालून उभे आहोत असं दिसतं."

"नंतर? मंचाच्या मागे?"

"मागे मी म्हटलं, दत्ताजीराव, आत्ताच्या आत्ता दुरुस्त करू, लोक हसतील आणि विसरतील. ते म्हणाले, लोक विसरणार नाहीत. फुटून गेलेले गावोगाव हेच सांगत फिरताहेत ना, म्हाताऱ्याला काही कळत नाही म्हणून? उद्या सगळे म्हणतील, बघा, समोर ठेवलेल्या दोन पाट्या वाटता येत नाहीत. मी त्यांच्यासाठी दगड खाल्ले ते यासाठी नाही. मी म्हटलं, अहो, तुमची छाती. ते म्हणाले, छाती माझी आहे. आणि मला शपथ घातली. नलावड्यांना म्हणाले, दिल्लीला नावं जातील ती मंचावर झाली तशी गेली पाहिजेत. कुणी विचारलं तर हीच बरोबर आहेत म्हणायचं."

"दिल्लीने दोनदा विचारलं होतं."

"हो. मी तिथेच होतो. दोन्ही वेळा नलावड्यांनी फोन ठेवल्यावर डोळे मिटले."

"आणि तात्यासाहेब? त्यांना कधी कळलं?"

"कधीच नाही. महिन्याभरातच ते सांगायला लागले की दत्ताजीला मोठा देश मी ठरवून दिला. त्यांना खरंच तसं आठवत होतं. कुणी नाही म्हणालं नाही, मग आठवण पक्की झाली." रेग्यांनी ग्लास खाली ठेवला. "मी तीन वर्षं त्या बेटावर होतो. रोज संध्याकाळी समुद्रावर जायचो. हवा खरंच चांगली होती."

ते गेल्यावर मी माईला फोन केला आणि सगळे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले. "म्हणजे आमचं बेट होतं?" एवढेच ती म्हणाली.

तेव्हा कारण असे. सभेत मान देण्याचा क्रम ऐनवेळी बदलला, टेबलावरच्या दोन पाट्यांचा क्रम बदलायचा राहिला आणि एकाचा देश दुसऱ्याच्या हातात गेला. ही चूक मंचावर तिघांना दिसली: दत्ताजीराव खराडे, प्रा. रेगे आणि नलावडे. एक वाक्य बोलले असते तर ती तिथेच दुरुस्त झाली असती. ते वाक्य तात्यासाहेबांसमोर बोलू शकेल असा माणूस त्या मंचापर्यंत कधी पोचूच दिला जात नव्हता.